पटकथेतला एक प्रसंग : उघडं अंग दाखवावं का? आणि दाखवायचं तर कसं?

अर्धविराम :

एका मराठी चित्रपटाची पटकथा दुसऱ्या खर्ड्यावर आहे. नवरा-बायको चाळिशीतले, डोंबिवलीतलं वन रूम किचन. बायकोचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढलाय, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. त्यानंतर दोघं पहिल्यांदा जवळ येतात, तो हा प्रसंग. कागदावर पाऊण पान, पडद्यावर तीनेक मिनिटं. मधोमध हे वाक्य : ‘ती ब्लाउज काढते. तो व्रण बघतो.’

यावरून दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, अख्खं घर दीड वर्ष त्या व्रणाकडे बघायचं टाळतंय, तोच तर विषय आहे. कॅमेऱ्यानंही नजर चुकवली तर मग सिनेमा कशाला करायचा? दुसरी बाजू म्हणते, व्रणाच्या निमित्ताने बाईचं अंगच दाखवणार आहात, बाकी सगळी सारवासारव. शिवाय ‘ए’ सर्टिफिकेट मिळालं तर टीव्हीचे हक्क अडकतात, हा हिशेब आहेच. भूमिकेसाठी अजून कोणाला विचारलेलं नाही.

‘सिनेमात सेक्स हवा की नको’ ही चर्चा इथे शंभरदा झालीये, ती नको. नेमकं हे हवंय : दृश्य गरजेचं आहे की नाही हे ठरवायची काही रीत आहे का? करायचं तर नटीला आणि नटाला त्रास न होता कसं शूट करतात? कायदा आणि सेन्सॉरच्या बाजूने काय बघायचं? आणि स्तन काढलेली छाती मेकअपने दाखवता येते का? बजेट लहान आहे, या प्रसंगाला एकच दिवस मिळेल.

तिसरी_घंटा :

‘ती ब्लाउज काढते. तो व्रण बघतो.’ यातून काहीच कळत नाही. ब्लाउज कितपत निघतो? तो कुठून बघतो, समोरून की आरशातून? प्रेक्षकाला किती दिसतं? जे कागदावर नसतं ते सेटवर ठरतं. आणि सेटवर वेळ कमी, माणसं जास्त, ‘नाही’ म्हणायची किंमत मात्र एकटीला मोजावी लागते. त्यामुळे पहिली दुरुस्ती पटकथेतच करा.

गरज तपासायची तर दोनदा वजाबाकी करून बघा. आधी अख्खा प्रसंग काढा आणि पुढचा प्रसंग वाचा. सकाळी ती चहा टाकतेय, तो आंघोळीला जातोय, आणि काहीच अडत नसेल, तर प्रसंगच फुकट आहे. अडत असेल तर प्रसंग परत ठेवा आणि आता फक्त उघडं अंग काढा. आता काय अडतं? बहुतेक पटकथांमध्ये पहिल्या वजाबाकीला उत्तर मिळतं, दुसरीला मिळत नाही. लोक पहिल्या उत्तरावर दुसरं खपवतात, गोंधळ तिथे आहे.

अजून एक खूण. नवऱ्याच्या अंगावर त्या वेळी काय आहे? खर्ड्यात लिहिलेलं नसणार. बाईचे कपडे ओळीओळीने उतरतात आणि पुरुषाच्या बनियनचा उल्लेखही नसतो, तेव्हा ते वाक्य कोणाच्या नजरेने लिहिलंय हे कळतं.

तुमच्या प्रसंगात माझ्या मते दुसऱ्या वजाबाकीनंतर काहीतरी अडतं, पण पूर्ण छाती नाही. स्तन काढलेल्या बायका ब्लाउजमध्ये कापसाची किंवा कापडाची घडी ठेवतात. तिने ती घडी नवऱ्यासमोर काढून फडताळात ठेवली, तर दीड वर्ष ती हे काम दार लावून करत होती हे एका हालचालीत कळतं. व्रणाच्या आधी ती घडी दिसू दे. आणि हुक तिचे तिने काढू देत. पहिले दोन ती काढते, तिसऱ्याशी थांबते, त्याच्याकडे बघते. त्याने हात पुढे केला तर ती त्याची कथा होते.

लांबलेन्स :

शूटिंगचं सांगतो. जरा लांबेल.

हाणामारी जशी बसवतात तसंच हे बसवायचं असतं. ‘तुम्ही सुरू करा, आम्ही कॅमेरा चालू ठेवतो, जे होईल ते होईल’ हे तलवारबाजीत कोणी म्हणत नाही, मग इथे का म्हणतात? प्रत्येक हालचाल आकड्यावर : एक-दोनला हात खांद्यावर, तीनला थांबणं, चार-पाचला श्वास, सहाला कपाळ कपाळाला. पूर्ण कपड्यांत, रिकाम्या खोलीत, जमिनीवर चादर टाकून दोन तालमी. तालमीआधी दोघांनी आपापलं सांगायचं : अंगाचा कुठला भाग चालेल, कुठला विचारून, कुठला अजिबात नाही. कागदावर माणसाची आकृती काढून हिरवा, पिवळा, लाल रंग भरतात. ‘नाही’चं कारण विचारायचं नाही. आणि हा कागद शूटच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचा, कारण रॅश आलेली असते, पाळी असते, कधी नुसतंच मन नसतं.

हे काम करणाऱ्या माणसाला इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीने आपल्या सगळ्या मालिकांतल्या अशा दृश्यांसाठी हे पद लागू केलं, २०२० च्या जानेवारीत अमेरिकन कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने नियमावली काढली. आपल्याकडे २०२२ च्या ‘गहराइयां’मध्ये दार गाई यांचं नाव इंटिमसी डिरेक्टर म्हणून श्रेयनामावलीत आलं, तेव्हा हा शब्द घरोघरी गेला. लहान बजेटमध्ये पूर्ण शेड्यूलसाठी माणूस नको; एक वाचन, एक तालीम, एक शूटचा दिवस एवढ्यासाठी घ्या. तेही परवडत नसेल तर निदान दिग्दर्शक आणि नटी यांच्यामध्ये बोलणारी तिसरी व्यक्ती हवीच, आणि ती निर्मात्याची नातेवाईक नको.

सेट बंद म्हणजे किती बंद? दिग्दर्शक, कॅमेरा ऑपरेटर, कोऑर्डिनेटर, एक एडी (सहायक दिग्दर्शक), कपड्यांची एक बाई, मेकअपची एक, साउंडचा एक. सात-आठ. फोकस पुलर, म्हणजे लेन्सचा फोकस सांभाळणारा, वायरलेसवर दाराबाहेर बसू शकतो. लाइट आधी लावून लाइटमन बाहेर. यादी कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या कागदावर, नावानिशी छापायची. सगळ्यात जास्त घोळ मॉनिटरवर होतो : आत सहा माणसं आणि बाहेर पॅसेजमध्ये व्हिडिओ असिस्टच्या पडद्याभोवती पंधरा जणांचा घोळका, वायरलेस फीड क्लायंटच्या टॅबवर. ते फीड बंद करा. एक हातातला मॉनिटर पुरतो. फोन बाहेर टोपलीत, स्टिल फोटोग्राफर बाहेर, कंटिन्युइटीचा (शॉटला शॉट जुळवायचा) फोटोही चादरीच्या सुरकुत्यांचा आणि गळ्याच्या वरचा.

तुमचं लोकेशन खरंखुरं वन रूम किचन असेल तर आणखी एक : समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या. खिडकीला बाहेरून काळं कापड लावा, आतून नाही. आतल्या कापडाची सावली फ्रेममध्ये येते. दार थेट पॅसेजमध्ये उघडत असेल तर दाराच्या आत दुसरा पडदा हवा, नाहीतर स्पॉटदादा पाणी घेऊन येईल आणि सगळा मजला बघेल.

आडोशाच्या वस्तू. कातडीच्या रंगाचे चिकटपट्टीचे पॅच, पट्ट्या नसलेली अंतर्वस्त्रं, पुरुषासाठी पिशवी. दोघांच्या कंबरेच्या मध्ये अडसर लागतोच : योगा मॅट कापून कापडात शिवलेली गादी किंवा अर्धी हवा काढलेला लहान चेंडू. दोन अंगांचा थेट स्पर्श होतच नाही आणि कॅमेऱ्याला ते कळत नाही, कारण ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर चेहरा आणि खांदा घेतला की कंबर फ्रेमच्या बाहेर असते. पॅच लावायच्या आधी कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करायची, त्याआधी अंगाला तेल-लोशन लावायचं नाही. कोणती टेप सोसते ते आदल्या दिवशी मनगटाच्या आत लावून बघायचं. काढताना ओढायची नाही, खोबरेल तेल लावून कडेने सोडवायची.

फसतं कुठे? आवाजासाठी एसी-पंखा बंद, वर लाइट, वीस-पंचवीस मिनिटांत घाम, टेप सुटते, आणि आता एकतर टेक थांबवायचा किंवा नटीने हाताने धरून अभिनय करायचा. म्हणून प्रत्येकाचे तीन-तीन सेट तयार ठेवा आणि दर दोन टेकनंतर एसी लावून विश्रांती. दुसरी फसण्याची जागा म्हणजे ‘कट’. दिग्दर्शक हवेत असतो, कट उशिरा येतो, आणि बसवलेल्या हालचाली संपून गेल्यावर दोघं बिचारे काहीतरी करत राहतात. कट नटानेही म्हणायचा, हे आधीच सगळ्यांसमोर सांगा. कट झाला की चार फुटांवर गाऊन घेऊन उभी असलेली बाई आधी आत जाते, दिग्दर्शक नंतर.

टेक किती, हे आधी ठरवा. पाचाच्या वर गरज पडली तर बसवणीत चूक आहे, अभिनयात नाही.

आडवा_प्रश्न :

वरचं सगळं मान्य. तरी प्रक्रिया चोख केली की शोषण संपलं, हा सूर मला धोक्याचा वाटतो.

‘लास्ट टँगो इन पॅरिस’ १९७२ चा. मारिया श्नायडर १९ वर्षांची, समोर नट मार्लन ब्रँडो ४८ चा. त्यातल्या बलात्काराच्या कुप्रसिद्ध दृश्यात संभोग खोटाच होता, पण त्यात लोणी वापरायची कल्पना तिला आधी सांगितली नव्हती, तिची खरी प्रतिक्रिया हवी होती, हे दिग्दर्शक बेर्तोलुची यांनी स्वतःच नंतर कबूल केलं. त्या दृश्यात अंग फारसं उघडं दिसत नाही. म्हणजे कातडी किती दिसली यावरून काहीच ठरत नाही. दिग्दर्शकाने ‘पात्राचा अपमान’ आणि ‘नटीचा अपमान’ यातली रेघ पुसली, गुन्हा तो.

‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला २०१३ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, दिग्दर्शकाबरोबर दोन्ही नटींनाही. त्यानंतर काही महिन्यांतच दोघींनी जाहीर सांगितलं की एक शय्यादृश्य दहा दिवस चाललं होतं आणि या दिग्दर्शकाबरोबर पुन्हा काम नको. कल्पना होती, सही होती, पुरस्कारही होता. दहा दिवस नव्हते ठरले.

आणि घरचं उदाहरण हवं तर केरळच्या चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल वाचा. २०१९ ला सरकारकडे गेला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला. आधी सांगितलं एक आणि सेटवर मागितलं दुसरंच, ही तक्रार त्यात आहे. संमती ही सहीच्या क्षणी संपणारी गोष्ट नाही, आणि ज्या नवख्या मुलीला पुढचं काम याच माणसाच्या ओळखीने मिळणार आहे तिची ‘हो’ कितपत ‘हो’ असते? म्हणून अर्धविराम, तुमच्यासाठी व्यावहारिक मुद्दा एकच : ऑडिशनच्या आधी सांगा. निवड झाल्यावर नाही. आणि ऑडिशनमध्ये कपडे काढायला लावायचे नाहीत, एका थराचेही नाहीत.

एडिटला आल्यावर आवाज बंद करून प्रसंग बघा आणि मोजा : चेहरा नसलेले क्लोजअप कोणाचे किती. बाईचे सात आणि पुरुषाचा शून्य निघाला, तर सेटवर कितीही सभ्यपणा असू दे, प्रेक्षकाला तुम्ही तुकडेच विकलेत.

लांबलेन्स :

@आडवा_प्रश्न, दहा दिवसांचा मुद्दा बिनतोड. म्हणूनच टेक आणि तास दोन्ही करारात घाला म्हणतो. आवाज बंद करून मोजायची युक्ती ढापली.

काळी_शाई :

कायद्याचं. आधी एक निकाल, कारण ‘गरजेचं की शोषण’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अगदी याच शब्दांत नाही, पण याच अर्थाने गेला होता.

‘बँडिट क्वीन’, १९९४. फूलनला गावासमोर विवस्त्र फिरवतात ते दृश्य. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवलं. म्हणणं असं की ती नग्नता वासना चाळवण्यासाठी नाही, त्या बाईची विटंबना किती भयंकर होती हे कळावं यासाठी आहे. निकालात ‘शिंडलर्स लिस्ट’मधल्या, गॅस चेंबरकडे नेल्या जाणाऱ्या नग्न माणसांचा दाखला आहे. म्हणजे गरज सिद्ध झाली. सीमा बिस्वास यांच्या जागी त्या दृश्यात बॉडी डबल होती, म्हणजे नटीचीही सोय बघितली गेली. आता तिसरी बाई बघा : खुद्द फूलन देवी. ती तेव्हा जिवंत होती आणि हा चित्रपट दाखवू नये म्हणून स्वतः न्यायालयात गेली होती. पुढे तडजोड झाली. दृश्य कलेच्या दृष्टीने समर्थनीय, आणि ज्या बाईच्या देहावर ते बेतलंय तिला ते नको. दोन्ही एकाच वेळी खरं. तुमची कथा कोणा खऱ्या बाईवरून घेतली असेल तर आधी तिला विचारा, मग नटी शोधा.

सेन्सॉर. १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं अजून चालू आहेत. त्यात नग्नतेवर सरसकट बंदी नाही. अश्लीलतेने, बीभत्सतेने भावना दुखावू नयेत, स्त्रियांना हीन दाखवू नये, आणि चित्रपट संपूर्ण परिणामावरून तोलावा, अशी भाषा आहे. लैंगिक हिंसेबाबत मात्र कडक : टाळावी, आणि विषयाला अपरिहार्य असेल तर कमीत कमी, तपशील नाही. तुमच्या प्रसंगात हिंसा नाही, हे बरं. उघडा स्तन पूर्ण दिसला तर ‘ए’ धरून चला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचे) ७+, १३+, १६+ असे तीन भाग झालेत, पाठ-खांदा-काख इथवर राहिलात तर यूए १६+ साठी भांडता येईल. ‘ए’ चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, कापून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यामुळे तुमच्या निर्मात्याची काळजी खोटी नाही. अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं, आता मंडळाच्या निर्णयावर थेट उच्च न्यायालय. लहान निर्मात्याला ते झेपत नाही, म्हणून टीव्हीसाठीचा पर्यायी शॉट त्याच दिवशी घेऊन ठेवा.

मराठीत घाबरून जायचं कारण नाही, याला दाखला ‘न्यूड’चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर बसणाऱ्या मॉडेलची कथा. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने परस्पर वगळला, ज्युरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि सेन्सॉरने तोच चित्रपट एकही कट न देता ‘ए’ देऊन सोडला. एप्रिल २०१८ मध्ये थिएटरला लागला.

करार. इथे लोक झोपतात. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८-ए म्हणतं की कलाकाराने लेखी संमतीने चित्रपटात काम केलं की, करारात वेगळं काही नसेल तर, त्या चित्रपटातल्या वापराला त्याला हरकत घेता येत नाही. ‘करारात वेगळं काही नसेल तर’ हे शब्द अधोरेखित करा. म्हणजे वेगळं लिहिलं नाही तर तोच तुकडा ट्रेलरला, पोस्टरला, रीलला जाऊ शकतो. म्हणून मूळ कराराला वेगळं जोडपत्र : प्रसंग क्रमांक, कुठून कुठवर दिसणार, किती टेक, किती तास, कोण हजर, डबल वापरायची तर त्याला नटीची मंजुरी, प्रसिद्धीसाठी वापर नाही, नको असलेले टेक पुसणार, कॉम्प्युटरने अंगात काही बदल करायचा तर पुन्हा परवानगी. सॅग-आफ्ट्राच्या करारात असं जोडपत्र ४८ तास आधी हातात द्यावं लागतं. आपल्याकडे कायद्याने तशी सक्ती नाही, तुम्ही आठवडाभर आधी द्या. मराठीत द्या.

ती ऐन वेळी नाही म्हणाली तर? न्यायालय तिला अभिनय करायला लावू शकत नाही. वैयक्तिक कौशल्यावरचे करार जबरदस्तीने पुरे करवून घेता येत नाहीत. नुकसानभरपाईचा दावा मात्र होऊ शकतो, आणि ती धमकी म्हणूनच वापरली जाते. जोडपत्रात लिहा की हा प्रसंग नाकारला तर कराराचा भंग मानणार नाही, मानधन कापणार नाही. आधीच चित्रित झालेल्या भागाचं काय, तेही लिहा.

फुटेज बाहेर गेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा. चित्रीकरणाला संमती आणि प्रसाराला संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या स्पष्टीकरणात आलंय. आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पॉश (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. युनिटमध्ये दहा माणसं कधीच होतात. समितीतल्या माणसांचे फोन नंबर कॉल शीटवर छापा.

रंगपेटी :

मेकअपचं उत्तर थोडक्यात : पूर्ण छाती मेकअपने होत नाही. प्रोस्थेटिक, म्हणजे अंगावर चिकटवायचा नकली भाग, भर घालतं, वजा करत नाही. सपाट सिलिकॉनचा तुकडा स्तनावर चिकटवला तर तो सपाट दिसत नाही, उंचवट्यावर उंचवटा दिसतो. दाबून बांधलं तर कडेने फुगतं, आणि नटीला श्वास घेता येत नाही. मग उरतं व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र बदलणं : अंगावर खुणा, प्रत्येक फ्रेमचा माग, हललेल्या कातडीचं काम. तुमच्या बजेटला चार सेकंदही झेपणार नाहीत. किंवा ऑपरेशन झालेली बॉडी डबल, आणि तिथे सगळी वरची चर्चा दुप्पट लागू होते, कारण तिचं खरं दुखणं तुम्ही दिवसाच्या भाड्याने घेताय. तिला बोलवायचंच तर नाव आणि श्रेय द्या, चेहरा नसलेला तुकडा म्हणून वापरू नका.

पण गरज आहे का? हा व्रण छातीच्या मधल्या हाडाजवळून तिरका किंवा आडवा काखेपर्यंत जातो. काखेकडचं टोक हात उचलला की बाजूने दिसतं. ते आठ-दहा सेंटीमीटर फक्त करा. एका हाताने स्तन पुढून झाकलेला, दुसरा हात वर, कॅमेरा बाजूला किंचित मागे. स्तन दिसत नाही, व्रण दिसतो, आणि मेंदू उरलेला स्वतः पुरा करतो.

रिजिड कोलोडियन नावाचं द्रव मिळतं. ब्रशने रेघ मारली की वाळताना कातडी आकसते आणि खरी खाच पडते. एक थर, पूर्ण सुकू द्या, दुसरा. चार-पाच थरांत हवी तेवढी खाच येते. काखेची कातडी नाजूक, त्यामुळे आदल्या दिवशी पॅच टेस्ट, आणि एका दिवसात दोनदा लावायचं नाही. सोसत नसेल तर आधी साच्यात केलेला चिकट ट्रान्सफर लावा, महाग पडतो पण कातडीला बरा. काखेचे केस आदल्या दिवशी काढायचे, त्या सकाळी नाही, ताज्या वस्तऱ्यावर दोन्ही चरचरतात.

रंग बघा. बहुतेक मेकअपवाले लालभडक करतात. दीड वर्षाचा व्रण लाल नसतो; सावळ्या कातडीवर आजूबाजूपेक्षा गडद तपकिरी किंवा मधे फिकट आणि कडेला गडद असतो. रेडिएशन झालं असेल तर भोवतीचा मोठा चौकोनी पट्टाच काळवंडलेला राहू शकतो. तुमच्या पात्राला रेडिएशन झालंय का, हे पटकथेत आहे? कारण तसं असेल तर ब्लाउजच्या गळ्यातूनही कडा दिसेल, पहिल्या प्रसंगापासून.

अर्धविराम :

सगळ्यांचे आभार. रेडिएशन आहे, आणि गळ्यातल्या कडेचा विचार कोणीच केला नव्हता.

बाजूच्या शॉटवर दोन्ही तट राजी होतील असं दिसतंय. पूर्ण छाती रद्द. एक राहिलं : शूटनंतर फुटेज कोणाकोणाच्या हातातून जातं? यादी केली तर पोटात गोळा आला.

कापाकापी :

यावाच. कार्डवरून दोन हार्ड डिस्क, तिसरी एडिटकडे. मग प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या कॉपी), मग साउंड, डबिंग, डीआय (रंगांचं काम), व्हीएफएक्स, सबटायटल, ट्रेलर कापणारा, फेस्टिव्हलची लिंक. सेटवर आठ माणसं होती आणि पोस्टमध्ये चाळीस होतात, त्यातली निम्मी फ्रीलान्स, घरच्या लॅपटॉपवर.

त्या दिवसाचं फुटेज वेगळ्या डिस्कवर घ्या, दिवसाच्या इतर कामात मिसळू नका. डिस्कला पासवर्ड, तो दोघांकडेच. एडिटला सगळे टेक नाही, निवडलेलेच. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रॉक्सीवर घेणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, फ्रेमच्या मधोमध. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करतात. साउंडवाल्याला संवाद आणि श्वास जुळवायचे असतात, त्याला काळवंडलेलं लहान चित्र पुरतं. सबटायटलवाल्याला तर त्या तीन मिनिटांत चार ओळी असतील, ऑडिओ आणि टाइमकोड पाठवा. पॅचची कड दिसली आणि पुसायची झाली तर तेवढे शॉट तुमच्या ऑफिसमध्ये बसवून पुसून घ्या, फाइल पाठवू नका.

नटीला एडिट दाखवा, लॉक (कायम) करायच्या आधी. लॉक झाल्यावर दाखवणं म्हणजे निरोप देणं. फायनल डिलिव्हरी झाली की नको असलेले टेक पुसून तसं लेखी द्या, सगळ्या डिस्कचे नंबर लिहून. डीआयवाल्याकडची कॉपी हमखास विसरतात.

डबिंग असेल तर श्वासांचे आवाज दोघांचे वेगवेगळे घ्या, स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आणि एक माणूस, काचेमागे गर्दी नको. तो आवाजही जोडपत्रात लिहा. नुसता ऑडिओसुद्धा फिरतो.

अर्धविराम :

तिसऱ्या खर्ड्यातला भाग टाकतोय, दगड मारा.

‘ती भिंतीकडे तोंड करून दोन हुक काढते. थांबते. वळते. आतली कापडी घडी काढून फडताळात, डब्यांच्या शेजारी ठेवते. तो बनियनवर, पलंगाच्या कडेला. ती त्याच्या बाजूला येऊन उजव्या हाताने पदर पुढे धरते, डावा हात वर करून डोक्यामागे नेते. काखेखालून व्रणाचं टोक. तो बोट जवळ नेतो, टेकवत नाही. ती हात खाली घेत नाही.’

तिसरी_घंटा :

‘टेकवत नाही’ छान. ‘डब्यांच्या शेजारी’ त्याहून छान.

रंगपेटी :

घडीचं सांगायचं राहिलं. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाउज त्या बाजूने वर सरकतो. म्हणून काही जणी आत मोहरी किंवा तांदूळ शिवतात, वजनाला. तशीच करून घ्या, कपडेवालीला सांगा, साधारण दुसऱ्या बाजूइतकी जड. म्हणजे आधीच्या प्रसंगांत खांदाही बरोबर पडेल.

लांबलेन्स :

मोहरी असेल तर फडताळात ठेवताना बारीक आवाज येईल. पंखा बंद ठेवा आणि एक माइक डब्यांमागे लपवा.